मु. पो. टाकळी

नागपुरात एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसतो. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपायला लागतं, गार ओलसर वारा बैठकीत शिरतो आणि घरातली माणसं पाय पसरून बसतात. त्याच दिवशी मी एक लहानसा डबा उचलून आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवते. डब्यात बंद्या रुपयाएवढा एक अमोनाइट आहे, म्हणजे समुद्री प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म. पिवळाधमक, गोल गुंडाळलेला, कडेला बारीक बारीक वरंबे असलेला. भाच्याला तो इंग्लंडात चारमथच्या किनाऱ्यावर सापडला. सुमारे १९ कोटी वर्षं तो तिथल्या काळ्या चिखलात सुखरूप होता, आणि आता त्याला संपवायला आमचा एक कूलर पुरेसा आहे.

कारण तो पायराइटचा झालेला आहे. प्राणवायू न पोचणाऱ्या समुद्रतळाच्या गाळात, प्राणी कुजून गेल्यावर, शंखाच्या रिकाम्या कप्प्यांत लोह आणि गंधक एकत्र येऊन बसले. कोरड्यात हे लेणं टिकतं. हवेतली ओल साठ टक्क्यांच्या वर गेली की पायराइट हवेतला प्राणवायू घेऊ लागतो, गंधकाम्ल सुटतं, वर पांढरी-पिवळी भुकटी धरते, डबा उघडताच आंबूस दर्प येतो, आणि काही वर्षांत हातात उरतो तो भुगा. संग्राहक याला पायराइटचा रोग म्हणतात. औषध काही नाही, पथ्य आहे: कोरडी हवा, घट्ट झाकण, आणि बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. आमच्याकडे नवे बूट आले की आधी पुडी माझ्याकडे जमा होते.

म्हणजे माझ्या घरातल्या जीवाश्मांची मांडणी विज्ञानाने सुरू झाली नाही, हवामानाने झाली. कोणाला ओल चालत नाही, कोणाला लाकूड सोसत नाही, कोणाला वरून पडणारा उजेड मानवत नाही. कच्छच्या चुनखडीतले शिंपले मी लाकडाच्या नव्या खणात ठेवत नाही, कारण कोवळं लाकूड आणि प्लायवुड आम्लाच्या वाफा सोडत राहतात आणि चुन्याच्या कवचावर हळूहळू पांढरी बुरशी आल्यागत दिसू लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाला हे जंतूंचं काम वाटलं होतं. जंतू नव्हते, कपाट होतं. रोगाला नाव मात्र अजून बाइनचंच आहे.

हे सगळं सांभाळून झाल्यावर मग खरा प्रश्न येतो, की कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं?

पुस्तकी उत्तर सोपं आहे. वयाने लावा: खाली जुने, वर नवे, जसे खडकांचे थर असतात. किंवा कुळाने लावा: शंख एका खणात, वनस्पती दुसऱ्या, हाडं तिसऱ्या. संग्रहालयात हे शोभतं, कारण तिथे प्रत्येक काळाचं आणि प्रत्येक कुळाचं काही ना काही असतं. घरातल्या संग्रहात भोकंच जास्त. वयाने लावायला गेलं तर पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पानानंतर एकदम कच्छचा समुद्र येतो, आणि मधल्या अंतराचं करायचं काय हे कळत नाही. शिवाय कोटीच्या आकड्यांशी माझी ओळख अशी होतच नाही. गावांशी होते. म्हणून मी गावाने लावते. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी असते, आणि ती पोस्टकार्डावर लिहायची आपली जुनी पद्धत आहे तशीच: मु. पो., तालुका, जिल्हा. त्याखाली कोणत्या नाल्यात, कोणत्या विहिरीच्या मातीत, कोणत्या थरात, कोणी दिला. वय सगळ्यात शेवटी, आणि तेही पेन्सिलने, कारण वय बदलतं. म्हणजे दगडाचं नव्हे, आपल्याला कळलेलं. पेन्सिलचं आणखी एक आहे, ती पावसाळ्यात फुटत नाही आणि बॉलपेनासारखी उडतही नाही.

पहिल्या खणाच्या चिठ्ठ्यांवर टाकळी आहे.

महाराष्ट्रात जीवाश्म जमवायचे म्हणणाऱ्याच्या नशिबी पहिल्यांदा काळा दगडच येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो लाव्हा वाहिला, त्याने आजही पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास मुलूख झाकून टाकला आहे. सह्याद्री त्याचाच. त्या दगडात गारगोट्या मिळतात, झिओलाइटचे देखणे स्फटिक मिळतात, पण जीव मिळत नाही. वितळलेल्या खडकात कोण राहणार? मात्र लाव्हा सलग वाहिला नाही. एक लोट येऊन गेला की मधे थांबा असायचा, कधी हजारो वर्षांचा. त्या थांब्यात खळग्यांत पाणी साचायचं, तळी व्हायची, काठाला ताड-माड उगवायचे, पाण्यात शंख रांगायचे. मग पुढचा लोट येऊन सगळं मिटवून टाकायचा. त्या मधल्या तळ्यांचा गाळ दोन लोटांच्या मधे पातळ पट्ट्यासारखा अडकून राहिला. पुण्या-नाशकाकडे असले पट्टे विरळच. नागपूर-छिंदवाडा भागात, लाव्ह्याच्या कडेला, ते पुष्कळ आहेत. हे आमचं भाग्य, आणि त्याचा अभिमान आम्ही संत्र्यांच्या मानाने फारच कमी मिरवतो.

टाकळी त्यातलं. आज ती नागपूर शहरात पार विरघळली आहे. स्टीफन हिस्लॉप तिथे जायचा तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं. हिस्लॉप म्हणजे ज्याच्या नावाचं कॉलेज इथे आहे तोच स्कॉटिश मिशनरी. त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने टाकळीच्या गाळातून शंख, बिया, फळं, कीटकांचे पंख असं काय काय वेचलं आणि १८५५ मध्ये नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात लेख छापला. धर्मप्रसार करत हिंडणाऱ्या माणसाची नजर सारखी जमिनीकडे असायची. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडून गेला. टाकळी आणि टाकळघाट ही दोन वेगळी गावं आहेत. मला मात्र दर वेळी टाकळीची चिठ्ठी लिहिताना तो नाला आठवतो.

माझ्याकडचे टाकळीचे दगड कोणाकोणाच्या घराचा पाया खणताना निघालेल्या ढिगाऱ्यातले आहेत. करडा, पांढरट, काचेसारखा फुटणारा चर्ट. त्यात फायसा नावाचा गोड्या पाण्यातला शंख, सुपारीएवढा, कधी त्याहून मोठा, आणि त्याच्या आसपास तांदळाच्या कणीएवढे आणखी कितीतरी. फायसा टोक वर करून धरला की त्याचं तोंड डाव्या हाताला येतं. बहुतेक शंख उजवीकडे उघडतात, हा उलट वळतो. देवळात ज्या दक्षिणावर्ती शंखासाठी लोक हजारो रुपये मोजतात, त्याच्या वळणाचा हा प्राणी इथल्या डबक्यांत पैशाला पासरी होता.

हे बारके शंख ठेवायला जागा मिळाली ती बंद पडलेल्या एका छापखान्याची. देवनागरी खिळ्यांची केस म्हणजे जुळाऱ्याच्या समोरचा तो उथळ लाकडी खण, काना-मात्रा-जोडाक्षरांसाठी लहानमोठ्या पुष्कळ घरांचा. लाकूड इतकं जुनं की त्यातून आता काही वाफ निघायची राहिली नसावी, आणि चर्टातले शंख स्वतःच गारेचे झालेले असल्याने त्यांना वाफेची भीतीही नाही. केस आधी धुऊन घासून घ्यावी लागली, कोपऱ्याकोपऱ्यात शिशाची काळी धूळ होती. कोणत्या घरात पूर्वी कोणतं अक्षर असायचं ते एका जुन्या जुळाऱ्यांनी मला बोटाने दाखवलं होतं. सर्वांत जास्त लागणारी अक्षरं हाताच्या टप्प्यात, मोठ्या घरांत. ङ, ञ सारखी कधीमधी लागणारी कोपऱ्यात. मीही तसंच केलं आहे. फायसा हाताशी, मधोमध. एकुलतं एक, आमच्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी दिलेलं मोहगाव कलानचं बीज वरच्या कोपऱ्यात.

दगडावर क्रमांक घालायची रीत अशी: जिथे जीवाश्म नाही अशा मागच्या बाजूला नखपॉलिशचा एक पारदर्शक ठिपका, तो वाळला की त्यावर पांढरा, त्यावर काळ्या शाईने बारीक अंक, वरून पुन्हा पारदर्शक. तोच अंक चिठ्ठीवर आणि तोच वहीत. घरच्यांना हा कारकुनी अतिरेक वाटतो. त्यांना मी जबलपूरची गोष्ट सांगते. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन सगळ्यांना माहीत असतो. त्याच स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरच्या छावणीजवळच्या टेकडीत मोठी हाडं सापडली. भारतातली ही डायनोसॉरची पहिली हाडं. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकरने त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. पुढे ती हाडं कुठे गेली ते कोणाला सांगता येईना. जग जिला नावाने ओळखतं ती वस्तू हरवलेली, अशी अवस्था कित्येक दशकं राहिली. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि शुभाशिस सेन यांना त्यातला शेपटीचा एक मणका कोलकात्याला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. हरवलं होतं ते हाड नव्हे. हाड आणि त्याची हकिगत यांच्यातला दोरा तुटला होता. ज्या दगडाचा पत्ता गेला तो दगड मग दारात चाकाला लावायच्या कामाचा.

यावरून माझं एक कडक मत झालं आहे. बाजारात मिळणारे, मखमलीवर मांडलेले, पॉलिश करून आणलेले जीवाश्म मी घेत नाही. मोरोक्कोचे त्रिखंडी म्हणून जे काळेभोर, काटेरी प्राणी विकायला येतात त्यांतले बरेच रेझिनचे असतात हा मुद्दा वेगळाच. खरा असला तरी तो कोणत्या टेकडीचा, कोणत्या थराचा हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि त्याला विचारलं तर तो 'एकदम ओरिजिनल आहे, मॅडम' एवढंच सांगतो. ओरिजिनल असेल, पण आहे कुठला?

काही गोष्टी घरात असूच नयेत. सिरोंचा तालुक्यात वडधमला झाडांचे दगड झालेले ओंडके जिथल्या तिथे राखून ठेवले आहेत; तिथली ढलपीसुद्धा खिशात घालायची नाही. कोणाला शेतात हाड सापडलं तर ते जिथे आहे तिथेच ठेवून जाणकाराला बोलवायचं, कारण हाडापेक्षा हाड कसं पडलं होतं हे जास्त बोलतं. घरात ठेवायचं ते सुटलेलं, वाहून आलेलं, खणून फेकलेलं, ज्याने आता कोणाच्या अभ्यासाचं पान फाटणार नाही असं. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी आयुष्यभर जमवलेले जीवाश्म आणि पुस्तकं लखनौच्या आपल्या संस्थेला देऊन टाकली. ३ एप्रिल १९४९ रोजी नेहरूंच्या हस्ते त्या संस्थेची कोनशिला बसवली, आणि ती कोनशिलाही साधी नव्हती, तिच्यात ठिकठिकाणचे जीवाश्म जडवलेले होते. त्यानंतर आठवडाभरातच साहनी गेले. कोणी मला जीवाश्मांची सगळ्यात देखणी मांडणी विचारली तर मी त्या कोनशिलेचं नाव घेईन. दिखाऊ शोकेस मला नको वाटते ती त्यामुळेच. ताजमहालाची प्रतिकृती, लग्नातल्या बाहुल्या आणि मुलाच्या ट्रॉफ्या यांच्या रांगेत अमोनाइट उभा केला की तोही ट्रॉफी होतो.

भिंतीवर मी एकच गोष्ट लावली आहे. कामठीकडच्या फिकट तांबूस खडकाची एक फरशी, आणि तिच्यावर ग्लोसोप्टेरिसचं पान. आंब्याच्या पानाहून थोडं लांब, मधे ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना शिरांचं बारीक जाळं. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं. आमच्या भागातला कोळसा त्याच्या भाऊबंदांचाच. ही फरशी आधी ट्यूबलाइटखाली होती आणि पाहुण्यांना त्यात काही दिसत नसे. 'छान आहे, टाइल आहे का?' वरून पडणारा सपाट उजेड ठसा पुसून टाकतो. मग तिला बोळीत हलवलं, जिथे पश्चिमेच्या झरोक्यातून तिरपं ऊन येतं. दुपारी चारनंतर ऊन भिंतीला घासत सरकतं, शिरांच्या एकेका रेषेला सावली फुटते, आणि पान वर येतं. साडेपाचपर्यंत जाळं न् जाळं मोजून घ्यावं. मग ऊन जिन्याकडे जातं आणि उरते नुसती फरशी. ज्यांना पान पाहायचं आहे त्यांना मी चहाला साडेचारला बोलावते.

याच पानासाठी माणसांनी जे केलं ते कधी कधी चहाबरोबर सांगते. दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती उपाशी, थकलेले, थंडीने फुटलेले होते. तरी घसरगाडीवर ३५ पौंड, म्हणजे सोळाएक किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत ओढले. १९१२ च्या नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा त्यांच्या देहांबरोबर ते दगडही होते, आणि त्यांत ग्लोसोप्टेरिस होतं. अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आमची कामठी एकेकाळी एका जमिनीवर होती, याचा पुरावा. वजन कमी करायला त्यांनी ते का टाकले नाहीत, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. यजमानांना तो वेडेपणा वाटतो. मला वाटत नाही.

आता पिसदुऱ्याचा नग. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे, तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं निघतात आणि त्यांची अश्मीभूत विष्ठाही. त्याच भूगर्भशास्त्राच्या सरांनी घर बदलताना एक गोळा मला दिला: मुठीत मावेल असा, तपकिरी, एका टोकाला निमुळता, अंगावर वळ्या. तो कुठे ठेवावा यावर घरात एकमत झालंच नाही. सासूबाईंना तो काय आहे ते कळलं त्या दिवशी त्यांनी तो स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेही नको असा हुकूम काढला. 'आई, आता तो दगड आहे, त्यात काही उरलेलं नाही,' मी म्हटलं. 'मग त्याला जपून काहून राहिली तू?' याला उत्तर होतं. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या अशाच गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले. तोवर डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालत. त्या लेंडांनी सांगितलं की होतं, आणि ते खाल्लंही जात होतं. गहू, ज्वारी, तांदूळ, ऊस, बांबू ज्या कुळातले, त्या कुळाची इतकी जुनी साक्ष दुसऱ्या कशाने दिली असती? सासूबाईंनी ऐकून घेतलं. 'म्हणजे शेणच झालं ना,' त्या म्हणाल्या. 'शेण चालते.' त्या दिवसापासून गोळा बैठकीत आहे. ज्या विल्यम बकलंडने असल्या दगडांना इंग्रजीत पहिलं नाव दिलं, त्याच्या घरी एक मेज होतं आणि त्याचा वरचा पृष्ठभाग याच ऐवजाच्या चकत्यांनी जडवलेला होता. ही माहिती मी सासूबाईंना अजून दिलेली नाही.

या घरात सर्वांत आधीपासून मांडलेला जीवाश्म अर्थात माझा नाहीच. तो देवघरात आहे. शाळिग्राम, लहान लिंबाएवढा, काळा कुळकुळीत, एका बाजूला छिद्र आणि आत चक्र. हिमालय उभा राहण्याआधी तिथे जो समुद्र होता त्याच्या तळातला अमोनाइट, काळ्या गोट्यात बंद झालेला, गंडकीने घासून गुळगुळीत केलेला. आत कुठे पायराइट असेल तर सोन्याची रेघ दिसते आणि त्याला हिरण्यगर्भ म्हणतात. चारमथच्या पायराइटला कूलरची ओल बाधते आणि याला रोज तांब्याभर पाण्याने आंघोळ, वर तुळस. तरी पिढ्यान्‌पिढ्या काही झालं नाही. घट्ट स्फटिकांचा पायराइट टिकतो, बारीक रव्याचा झडतो, असं त्यामागचं कारण. शाळिग्राम भंगला तरी पूजेतून उठवत नाहीत, मूर्तीचं तसं नसतं. हा नियम ज्याने कोणी केला त्याला फुटलेल्या गोट्यातच चक्र नीट दिसतं हे ठाऊक असावं, असं मला आपलं वाटतं. बायकांनी शाळिग्रामाला हात लावायचा नाही, हाही एक नियम होता. सासरे गेल्यावर सासूबाईंनी तो कोणाला न विचारता बाजूला ठेवला.

गेल्या दिवाळीनंतर वहीची नवी प्रत करायला घेतली तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. पानापानावरची गावं वाचून दाखवायला लावली. टाकळी, कामठी, पिसदुरा, मोहगाव, कच्छची धोसा, चारमथ.

'माझ्या शाळिग्रामाचा नंबर काय आहे?'

नव्हताच. त्याच्यावर नखपॉलिशचा ठिपका कोण लावणार? मी म्हटलं, 'वहीत घेते. सांगा तुम्ही. मुक्काम पोस्ट?'

'मुक्तिनाथ लिही.'

'तिथून आणल्याचं नक्की आहे का?'

त्या थांबल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांनी काशीहून आणला होता. काशीत कोणाकडून घेतला, विकत की दान, ते सांगणारं कोणी राहिलं नाही. 'मग काशी लिही. खोटं नको.' तसं लिहिलं. पुढे कंसात, पेन्सिलने, मूळ बहुधा गंडकी. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या सांगण्यावरून: रोज तुळस, तुळशीच्या लग्नात नवरदेव.

'आणि बाण?'

नर्मदेचा बाण शाळिग्रामाच्या शेजारीच असतो, पंचायतनातला. पाण्याने घोटलेला, गुळगुळीत दगड. 'आई, तो जीवाश्म नाही. त्याच्यात कधीच काही जिवंत नव्हतं.'

'असू दे. इतकी वर्षं दोघं एका तबकात आहेत, एकाचं नाव घालशील आणि एकाचं नाही?'

वहीत पुढची ओळ रिकामी होती. क्रमांक घातला, मु. पो. नर्मदाकाठ लिहिलं, आणि शेऱ्यात, त्यांना वाचून दाखवून, 'जीवाश्म नाही'.